जोरदार पेनकिलर: घ्यायच्या कशा आणि सोडायच्या कशा

हायवेवर गाडी घसरली, मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला आणि आठ-दहा दिवसांनी डिस्चार्ज मिळाला. घरी येताना औषधांच्या पिशवीत चार-पाच प्रकारच्या गोळ्या असतात. त्यांतली एक बाकीच्यांपेक्षा वेगळी असते. बहुतेक वेळा ती ट्रॅमाडॉल असते, कधी टॅपेंटाडॉल, तर क्वचित गोळीऐवजी बुप्रेनॉर्फिनचा किंवा फेंटानिलचा पॅच असतो. ही अफूच्या कुळातली औषधं, ओपिऑइड. ताज्या मोडलेल्या हाडाचा ठणका आवाक्यात ठेवायला ती लागतात. त्यांना घाबरून दात-ओठ खात पडून राहिलेला माणूस खोल श्वास घेत नाही, कूस बदलत नाही, पाय हलवत नाही. मग छातीत कफ साठतो, सांधे आखडतात. तेव्हा डॉक्टरांनी दिलं असेल तर घ्यावं. पण ते कधी आणि कोणत्या क्रमाने बंद करायचं हे बऱ्याच चिठ्ठ्यांवर लिहिलेलं नसतं, आणि खरा घोळ तिथेच होतो. कोणी पंधराव्या दिवशी धास्तीने सगळं एकदम बंद करतो आणि रात्रभर तळमळतो. कोणी "दुखेल तेव्हा घ्या" म्हणून तीन-तीन महिने घेत राहतो.

म्हणून डिस्चार्जच्या टेबलावरच दोन प्रश्न विचारा: ही गोळी किती दिवस घ्यायची, आणि कमी कशी करत आणायची? उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. खालचे आकडे प्रौढ माणसासाठीचे नेहमीचे आहेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. कॅन्सरच्या रुग्णाचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही.

आधी पिशवी रिकामी करा

सगळे पत्ते अंथरुणावर मांडा आणि ब्रँडचं मोठं नाव सोडून त्याखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. नातवाला मोबाईलवर फोटो मोठा करून वाचायला सांगा, पण वाचाच. एकच औषध दोन नावांनी पोटात जातं ते इथे न बघितल्यामुळे.

पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. ट्रॅमाडॉलची सर्रास दिली जाणारी जोडगोळी म्हणजे ट्रॅमाडॉल ३७.५ मिलिग्रॅम अधिक पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. अशा दोन-दोन गोळ्या दिवसातून चार वेळा घेतल्या तर पोटात ३०० मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि २६०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल जातं. त्यावर "अंग कसकसतंय" म्हणून कोणी डोलो ६५० दिवसातून तीन वेळा दिली की पॅरासिटामॉल ४५५० वर पोचलं. प्रौढ माणसाची कमाल मर्यादा दिवसाला ४००० आहे. वजन ५० किलोच्या आत असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल तर त्याहूनही खाली राहायचं, नेमकं किती ते डॉक्टर सांगतील. यकृतावर मार बसतो तो पहिल्या दिवशी जाणवतही नाही.

दुसरी नजर डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गटावर. या तिघांपैकी एका वेळी एकच. पोटात जळजळ, काळी संडास, लघवी कमी होणं, पायावर सूज यांतलं काही दिसलं तर ती थांबवून फोन करा. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो. अंगातलं पाणी कमी झालेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर या गोळ्या जास्त भारी पडतात.

पत्त्यावर डावीकडे वर लाल अक्षरात एनआरएक्स छापलेलं असेल तर ते औषध अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून या कायद्यात आहे. मेडिकलवाल्याला त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते, म्हणून जुन्या चिठ्ठीवर "नेहमीची गोळी द्या" म्हणून ती मिळत नाही, आणि मिळूही नये. मॉर्फिनच्या गोळ्या तर फक्त मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमधूनच मिळतात. मंगळवेढा, करमाळा, अक्कलकोटहून शहरात दाखवायला येणाऱ्यांनी हिशोब असा ठेवावा की गोळ्या संपायच्या तीन दिवस आधी पुढची चिठ्ठी हातात हवी. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत देवळाच्या बाजूचे रस्ते बंद असतात, आषाढीला पंढरपूरकडच्या गाड्या भरलेल्या असतात. त्या आठवड्यात तारीख पडली असेल तर आधीच बदलून घ्या. गोळी अचानक संपणं म्हणजे गोळी अचानक बंद करणं, शरीराला त्यात फरक कळत नाही.

घ्यायची पद्धत

दुखणं शून्यावर आणायचं नाही. हालचाल करता येईल इतकं उतरवायचं. "दहापैकी किती दुखतंय" यापेक्षा घरातल्यांनी हे विचारावं: कूस बदलता येते का? खोकला काढता येतो का? झोप सलग दोन-तीन तास लागते का? फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम होतो का? ही चारही उत्तरं "हो" असतील तर डोस पुरेसा आहे, मग थोडं दुखत असलं तरी चालेल.

ऑपरेशननंतरचे किंवा मारानंतरचे पहिले तीन-पाच दिवस गोळी घड्याळाप्रमाणे दिली तर एकूण कमी लागते. कळ डोक्यात गेल्यावर दिलेली गोळी उशिरा आणि अपुरी लागू पडते. साधं ट्रॅमाडॉल साधारण सहा तास टिकतं. एसआर लिहिलेली गोळी हळूहळू सुटते आणि बारा तासांनी घ्यायची असते. एसआर गोळी तोडायची नाही, कुटायची नाही, चावायची नाही. बारा तासांचं औषध एका तासात रक्तात उतरलं तर श्वास मंदावतो. आजीला गिळता येत नाही म्हणून गोळी भाकरीच्या काल्यात कुस्करून दिली जाते, ती नेमकी हीच असू शकते. गिळायला त्रास असेल तर डॉक्टरांना सांगून औषधच बदलून घ्या.

व्यायामाच्या पाऊण-एक तास आधी साधी गोळी येईल अशा वेळा जुळवा. फासळ्या मोडलेल्या माणसाला हे फार उपयोगी पडतं, कारण त्याचा खरा उपचार म्हणजे खोल श्वास आणि तीन चेंडूंचं ते फुंकणीसारखं यंत्र. त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो.

ट्रॅमाडॉलची दिवसाची कमाल ४०० मिलिग्रॅम, ७५ च्या वर वय असेल तर ३००. त्यापुढे दुखणं फारसं कमी होत नाही आणि फिट येण्याचा धोका वाढतो. एखादा डोस चुकला तर आठवलं तेव्हा एकच घ्या आणि तिथून पुढे अंतर मोजा. दोन एकदम कधीच नाही.

गोळ्या एकाच माणसाच्या ताब्यात असाव्यात, आणि तो रुग्ण नसलेला बरा. गुंगीत असलेल्याला मघाशी घेतली की नाही हे आठवत नाही. शाळेची साधी वही घ्या: तारीख, वेळ, औषध, झोप, संडास झाली की नाही. पुढे डोस उतरवताना हीच वही डॉक्टरांच्या सगळ्यात कामाची ठरते. उरलेल्या गोळ्या रोज मोजा आणि कुलपात ठेवा. घरात रांगतं मूल असेल तर एक पडलेली कॅप्सूलसुद्धा जिवावर बेतू शकते.

हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं

पूर्वी फिट आली होती, झोपेत घोरता घोरता श्वास अडकतो, दमा आहे, मूत्रपिंड कमजोर आहे, दिवस गेले आहेत, बाळ अंगावर पितं आहे. नैराश्याची किंवा घबराटीची गोळी चालू आहे, जसं एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, अमिट्रिप्टिलिन. यांच्याबरोबर ट्रॅमाडॉलने अंगाला कंप, घाम, ताप, धडधड आणि बेचैनी होऊ शकते. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे. ट्रॅमाडॉलने साखर खाली येऊ शकते, पहिले काही दिवस जास्त वेळा तपासा.

झोपेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम आणि त्यांची भावंडं, तसंच दारू आणि ताडी यांच्याबरोबर ही औषधं घेतली की दोघं मिळून श्वास दाबतात. "रात्री झोप लागत नाही, शेजाऱ्याकडची अर्धी गोळी घेतली" या एका वाक्यात मृत्यूचं कारण असू शकतं. प्रीगाबालिन, गॅबापेंटिन नसांच्या दुखण्यासाठी दिलेल्या असतील तर गुंगी आणखी वाढते, म्हणून त्या चालू करताना पहिले दोन-तीन दिवस कोणीतरी जवळ झोपावं.

आणखी एक गोष्ट. गल्लीतल्या दवाखान्यात कळ थांबवायला पेंटाझोसिनची सुई दिली जाते. रोज ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन चालू असलेल्या माणसाला ती दिली तर आधीच्या औषधाचा असर मोडून सोडण्याचा त्रास लगेच सुरू होऊ शकतो. सुई घेण्यापूर्वी चालू औषधांचा पत्ता दाखवा.

गाडी चालवू नका, यंत्रमागावर उभे राहू नका. डोस बदलल्यानंतरच्या दिवसांत तर नाहीच.

पोट साफ न होणं

मळमळ, खाज, झापड हे त्रास चार-सहा दिवसांत शरीर बरंच पचवतं. बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत चालूच राहतं, कारण ही औषधं आतड्याची हालचालच मंद करतात. तिकडे लक्ष न दिल्याने चौथ्या-पाचव्या दिवशी खडा धरतो, पोट फुगतं, उलट्या सुरू होतात, आणि पायाचं ऑपरेशन झालेला माणूस पायापेक्षा पोटाने जास्त हैराण होतो.

पहिल्या गोळीबरोबर पोटाचं औषधही सुरू झालं पाहिजे. बिसाकोडिल ५ मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या रात्री, किंवा सोनामुखीची गोळी. त्याने आतडं हलतं. मल मऊ राहायला लॅक्टुलोज १५ ते ३० मिलिलिटर रात्री, किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची १७ ग्रॅमची पुडी पाण्यातून. बऱ्याच जणांना दोन्ही प्रकार लागतात. बिसाकोडिल दुधाबरोबर किंवा अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधाबरोबर देऊ नये, वरचं आवरण आधीच विरघळतं आणि पोटात मुरडा येतो.

आपल्याकडे घरोघरी पहिला हात इसबगोलकडे जातो. इथे तो टाळा. इसबगोल पाणी शोषून फुगतं आणि ते पुढे ढकलायला आतड्याची हालचाल लागते. हालचालच मंद असेल आणि पाणीही कमी प्यायलं असेल तर ते आतच गोळा होऊन बसतं. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण अंथरुणावरच्या माणसाला नुसता चोथा वाढवून उपयोग नाही. सोबत ताक, पातळ वरण, आमटी हवी.

आणि पाणी. पडून असलेला माणूस मुद्दाम कमी पाणी पितो, कारण प्रत्येक वेळी कोणालातरी भांडं द्यायला उठवावं लागतं, त्याचा त्याला संकोच वाटतो. ज्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे सगळं घरच पाणी जपून वापरतं. लिटरची बाटली भरून उशाशी ठेवा, संध्याकाळपर्यंत दोन रिकाम्या झाल्या पाहिजेत. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारा. कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. पाय खाली टेकून बसता आलं की अर्धं काम होतं. तीन दिवस संडास झाली नाही तर वाट बघत बसू नका, फोन करा. लघवी तुंबली तर त्याच दिवशी.

पॅच आणि उन्हाळा

बुप्रेनॉर्फिनचा पॅच सात दिवसांचा, फेंटानिलचा तीन दिवसांचा. आधी जोरदार ओपिऑइडची सवय नसलेल्या माणसाला ताज्या दुखण्यासाठी फेंटानिलचा पॅच लावत नाहीत. तुम्हाला तो दिला असेल तर "मला आधी असं औषध चालू नव्हतं" हे स्पष्ट सांगा.

जागा कोरडी, केस नसलेली, जखम नसलेली: दंडाचा वरचा भाग, छाती, पाठ. नुसत्या पाण्याने पुसा, साबण-तेल नको. तळव्याने ३० सेकंद दाबून धरा. वर पेनाने तारीख-वेळ लिहा. नवा लावण्याआधी जुना काढला का हे बोटाने चाचपून बघा, कारण पाठीवरचा जुना पॅच विसरणं ही नेहमीची चूक आहे. कापून अर्धा करू नका.

उष्णता लागली की पॅचमधून औषध जास्त वेगाने अंगात जातं. गरम पाण्याची पिशवी, शेक, विटकरीचा शेक, हाडवैद्याचं गरम तेल, उन्हात बसणं हे सगळं पॅच असेपर्यंत बंद. सोलापुरात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी भट्टी पेटलेली असते. पॅच लावलेल्या माणसाला त्या वेळेपुरतं स्लॅबच्या किंवा कूलरच्या खोलीत हलवा. ताप १०२ च्या वर गेला तर डॉक्टरांना लगेच कळवा. पॅच काढल्यावरही कातडीखाली साठलेलं औषध सुमारे दिवसभर अंगात उतरत राहतं, त्यामुळे "काढला, आता धोका नाही" असं धरून चालू नका.

ही खूण दिसली तर १०८

हाक मारून, खांदा हलवून माणूस नीट जागा होत नाही. श्वास मिनिटाला दहापेक्षा कमी. पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. घशातून घरघर किंवा कधी नव्हे असं घोरणं. ओठ-नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "गाढ झोपलाय, झोपू द्या" असं म्हणू नका. १०८ लावा, पॅच असेल तर काढा. श्वास चालू असेल तर मोडलेला भाग सांभाळून कुशीवर वळवा, थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या. तोंडात पाणी, लिंबू, कॉफी काही घालू नका. रुग्णालयात यावर नालोक्सोन नावाचा उतारा देतात, तोवर श्वास चालू ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं. उतारा लागू पडून माणूस उठून बसला तरी तासाभरात पुन्हा गुंगी येऊ शकते, म्हणून लगेच घरी नेऊ नका.

दुखणं अचानक वाढलं तर

जास्तीची गोळी द्यायच्या आधी बघा. प्लास्टर किंवा पट्टीच्या आत दुखणं तासातासाला वाढतंय, पोटरी दगडासारखी घट्ट झाली, बोटं बधिर, आणि दुसऱ्याने पायाची बोटं हळूच वर ओढली तरी माणूस किंचाळतो: ही स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढल्याची लक्षणं आहेत. काही तासांत पाय कायमचा जाऊ शकतो, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते. त्यात अचानक धाप लागली तर १०८. जखमेतून पू, वास, नवा ताप याला पेनकिलर उत्तर नाही. आगीसारखी जळजळ किंवा विजेचे झटके असतील तर ते नसेचं दुखणं असतं, त्याला वेगळं औषध लागतं. ट्रॅमाडॉल वाढवत नेऊन ते जात नाही.

सोडायची कशी

काही आठवडे रोज घेतल्यावर शरीराला औषधाची सवय होते. हे कोणाच्याही शरीराला होतं, त्याचा स्वभावाशी किंवा चारित्र्याशी संबंध नाही, आणि त्याला व्यसन म्हणत नाहीत. घरातल्यांनी "याला नाद लागला" असे टोमणे मारले की माणूस लपवून घ्यायला लागतो, आणि तिथून मात्र घसरण सुरू होऊ शकते.

किती दिवस नेमाने घेतली यावर वेग ठरतो. तीन दिवसांपेक्षा कमी असेल तर सरळ बंद. तीन दिवस ते आठवडा असेल तर दोन दिवस निम्मा डोस आणि मग बंद. आठवडा ते महिना असेल तर दर दोन दिवसांनी साधारण २० टक्के कमी. महिन्याच्या वर गेलं असेल तर आठवड्याला मूळ डोसच्या १० टक्क्यांच्या आसपास, आणि वर्षाच्या वर असेल तर महिन्याला १० टक्के किंवा त्याहून सावकाश. शेवटच्या दोन प्रकारांत डॉक्टरांशिवाय एकही पाऊल टाकू नये.

गोळ्या टक्क्यांत मिळत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात हे असं बसवावं लागतं. समजा तीन आठवडे ट्रॅमाडॉल ५० च्या चार कॅप्सूल चालू आहेत. एक कमी केली की २५ टक्के उतरतात, म्हणून दोनऐवजी तीन दिवस एका पायरीवर थांबा. पहिले तीन दिवस तीन कॅप्सूल: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. नुसती दुपारची गाळून मध्ये बारा तासांची पोकळी ठेवू नका, वेळा नव्याने सारख्या वाटून घ्या. पुढचे तीन दिवस दोन, सकाळी आणि रात्री. मग तीन दिवस फक्त रात्रीची. दहाव्या दिवशी बंद. या उतरणीला १८ कॅप्सूल लागतात. चिठ्ठी तेवढ्याचीच मागा, म्हणजे घरात साठा उरत नाही.

ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची जोडगोळी असेल तर एक अडचण येते: गोळी कमी केली की पॅरासिटामॉलही कमी होतं आणि दुखणं दुप्पट वाढल्यासारखं वाटतं. गाळलेल्या प्रत्येक वेळी साधं पॅरासिटामॉल द्या, वरची बेरीज मात्र पुन्हा करून बघा. सगळ्याच उतरणीत हा क्रम ठेवा: आधी ओपिऑइड उतरवा, पॅरासिटामॉल टेकू म्हणून शेवटपर्यंत राहू द्या. प्रीगाबालिन त्याच आठवड्यात कमी करू नका. तिची पाळी नंतर, आणि तीही किमान आठवडाभर पायरीपायरीने.

दोन महिने टॅपेंटाडॉल एसआर १०० सकाळ-रात्र चालू असेल तर दहा टक्के म्हणजे २० मिलिग्रॅम, पण एसआर ५० च्या खालची गोळी सहसा मिळत नाही. ५० ची पायरी २५ टक्क्यांची होते, म्हणून प्रत्येक पायरीवर दोन ते तीन आठवडे थांबावं लागतं: सकाळी ५० आणि रात्री १००, मग ५० आणि ५०, मग फक्त रात्री ५०, मग बंद. सहा ते नऊ आठवडे लागतील. हे लांबलचक वाटतं, पण घाईने दोनदा फसून पुन्हा सुरू करण्यात याहून जास्त महिने जातात.

एक दिवसाआड गोळी घेणं हा अनेकांना सुचणारा मार्ग चुकीचा आहे. ही औषधं काही तासांची आहेत, त्यामुळे दर दुसऱ्या दिवशी शरीर सोडण्याच्या त्रासात जातं आणि तिसऱ्या दिवशी गोळीने सुटका होते. गोळीची ओढ वाढवायला याहून चांगली रीत नाही. रोज तेवढीच, पण थोडी कमी.

पायरी उतरण्याचा दिवसही निवडा. फिजिओ नवा व्यायाम सुरू करणार, टाके काढणार, घरात लग्न किंवा लांबचा प्रवास आहे, असा आठवडा टाळा. त्रास जास्त झाला तर त्याच पायरीवर आठवडाभर थांबा. अगदीच सोसेना तर एकच पायरी वर जा आणि पुढच्या वेळी जास्त दिवस घ्या. मूळ डोसवर परत उडी मारू नका. दोन-तीन आठवड्यांत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वी पचणारा डोस आता श्वास थांबवू शकतो.

सोडताना होणारा त्रास

साध्या गोळीचा त्रास शेवटच्या डोसनंतर ८ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि चार ते दहा दिवसांत ओसरतो. एसआर आणि पॅचचा उशिरा सुरू होतो. सारख्या जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, घाम, पोटात मुरडा, जुलाब, रात्री पाय स्वस्थ न ठेवता येणं, झोप उडणं, जिवाची घालमेल. ट्रॅमाडॉल सोडताना काहींना वर हातापायांत मुंग्या, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं आणि विनाकारण भीतीही वाटते, कारण ते औषध मेंदूतल्या सेरोटोनिनवरही काम करतं.

दुखणं परत आलं की सोडण्याचा त्रास आहे, हे ओळखायची खूण अशी: सोडण्याचं दुखणं थंडीतापासारखं अंगभर असतं आणि जांभया-काट्यांबरोबर येतं. मोडीचं दुखणं मोडीच्या जागी असतं आणि हलवल्यावर वाढतं.

नीट उतरत आलात तर यातलं फार थोडं होतं. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात कालवून घोट घोट प्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात या त्रासातला मोठा धोका अंगातलं पाणी जाण्याचा असतो. लोपेरामाइड २ मिलिग्रॅमची गोळी, स्वतःहून दिवसाला चारच्या वर नको, जास्त घेतली तर हृदयाचे ठोके बिघडतात. पाय तळमळत असतील तर कोमट पाण्याने शेकणं आणि परवानगी असेल तेवढं चालणं. पॅच अंगावर असेल तर शेक नाही. घाम, धडधड फार असेल तर डॉक्टर क्लोनिडिन देतात. त्याने रक्तदाब उतरतो, म्हणून ती कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. झोपेसाठी अल्प्राझोलाम आणून एका सवयीच्या जागी दुसरी बसवू नका. आणि ती आधीपासून रोज चालू असेल तर ती एकदम बंदही करू नका, फिट येऊ शकते.

दुखत नसताना झोपेसाठी किंवा मन शांत व्हावं म्हणून गोळी घेतली जात असेल, वहीतला हिशोब जुळत नसेल, दोन-तीन मेडिकल फिरणं सुरू झालं असेल, तर घरातल्यांनी भांडण न करता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं. सिव्हिलमध्ये हा विभाग आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि १४४१६ वर टेलि-मानसचे समुपदेशक बोलतात. हाड जुळल्यावरही तीन महिन्यांनंतर दुखणं तसंच असेल तर वेदना-उपचार करणारे भूलतज्ज्ञ गाठा.

उरलेल्या गोळ्या

"लागतील कधीतरी" म्हणून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवू नका, शेजारच्या कंबरदुखीला देऊ नका. चिठ्ठीशिवाय ही औषधं दुसऱ्याला देणं कायद्यानेही गुन्हा ठरू शकतो. बाकीची जुनी औषधं संडासात टाकू नयेत असं सांगतात, पण या गटाला अपवाद आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये काढलेल्या सूचनांत ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल, बुप्रेनॉर्फिन, मॉर्फिन ही संडासात टाकून पाणी सोडण्याच्या यादीत आहेत, कारण कचऱ्यात पडलेली अशी एक गोळी मुलाचा किंवा जनावराचा जीव घेऊ शकते. गोळ्या पत्त्यातून काढा, मोजा, टाका, पाणी ओता. वापरलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत येईल असा मधोमध दुमडून दाबा आणि लगेच टाका, मग हात नुसत्या पाण्याने धुवा. वहीत शेवटची नोंद करा: किती टाकल्या, कोणत्या तारखेला.